वाढत्या अंगाचे

दिवाळीआधी मुलांचे कपडे शिवायला टाकताना आपल्या आया-आज्या शिंप्याला एक सूचना न विसरता देत : "जरा वाढत्या अंगाचे शिवा हं!" मग विजारीच्या पायाशी चार बोटे कापड आत दुमडले जाई, सदऱ्याचे खांदे दंडावर उतरत, आणि या दिवाळीला ढगळ दिसणारे कपडे पुढच्या दिवाळीला अंगाबरोबर बसत. आता तयार कपड्यांच्या दुकानांमुळे शिंपी मागे पडला. पण तो शब्दप्रयोग मराठीत अजून जिवंत आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. कानावर पडलेला शब्द उलटसुलट करून पाहण्याची खोड त्यामुळे जडलेली. 'वाढते अंग' या दोन शब्दांत मला मोठे शहाणपण दिसते. मूल वाढणार हे नक्की. पण किती आणि कधी, हे आज कोणी सांगावे? तेव्हा थोडे कापड शिल्लक ठेवलेले बरे.

कपड्यांच्या बाबतीत दाखवलेला हा धीर मुलांच्या बाबतीत मात्र आपल्याला धरवत नाही. फराळाला चार घरची माणसे जमली, की कोणीतरी हौसेने मुलांना पाठीला पाठ लावून उभे करते. "अरे, ही तुझ्याहून लहान ना? तुझ्या डोक्यावरून गेली की!" दुसऱ्या कोणा मावशी म्हणतात, "अगं बाई, किती थोराड दिसायला लागली ही!" सगळे हसतात. ज्यांच्यावरून हसले ती दोघे हातातली चकली तशीच घेऊन आतल्या खोलीत निघून जातात, हे फारसे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या वयाच्या मुलांसाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. उफाड्याची, थोराड, ताडमाड, शिडशिडीत, चणीने लहान, खुजा, खुरटलेला. यांतले काही शब्द नुसते वर्णन करतात, काही निकाल देतात. 'चणीने लहान' म्हटले की मूल कसे आहे ते कळते. 'खुरटलेला' म्हटले की त्याचे काहीतरी बिघडले आहे असे सुचवले जाते. आणि शंभरातल्या बहुतेक मुलांचे काहीएक बिघडलेले नसते.

याचे दोन नमुने माझ्या घरातच आहेत. माझी मुलगी आणि माझा भाचा यांच्या जन्मात अवघे एकवीस दिवसांचे अंतर. दोघेही तेरा वर्षे पूर्ण. मुलीची उंची १५७ सेंटिमीटर, भाच्याची १४३. ती उंची लपवायला पोक काढून चालते आणि धावण्याच्या शर्यतीतून तिने नाव काढून घेतले आहे. तो दाराच्या चौकटीला लावलेल्या दांडीला सकाळ-संध्याकाळ लोंबकळतो आणि 'ताकद वाढवणारी' पावडर आणून द्या म्हणून मागे लागतो. दोघांची तऱ्हा वेगळी, दुःख एकच : आपण इतरांसारखे नाही. त्यांच्या निमित्ताने मी बालरोगतज्ज्ञांशी बोलले आणि या विषयावरची पुस्तके चाळली. त्यातून जे कळले ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडते.

वाढीची लय

मुलाची वाढ चिकाटीने मोजून ठेवल्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक फ्रान्समधली आहे. माँबेयार नावाच्या गृहस्थाने १७५९ साली आपला मुलगा जन्मला तेव्हापासून १७७७ पर्यंत, म्हणजे तो अठरा वर्षांचा होईपर्यंत, साधारण दर सहा महिन्यांनी त्याची उंची मोजली. त्याचा मित्र आणि प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने ती मापे छापून ठेवली. त्या आकड्यांचा आलेख काढला तर गंमत दिसते. मूल शिडीच्या पायऱ्या चढावे तसे दरवर्षी सारखे वाढत नाही. तान्हेपणी ते झपाट्याने वाढते, मग वेग मंदावतो, पुढे चौदाव्या वर्षाच्या सुमारास एकदम उसळी येते आणि त्यानंतर वाढ हळूहळू थांबते.

ही उसळी प्रत्येक मुलाला येते. फक्त सर्वांना एकाच वर्षी येत नाही. शाळकरी वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. उसळीच्या ऐन वर्षी मुलगी आठेक आणि मुलगा नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. मुलींच्या बाबतीत हे वर्ष सरासरीने बाराव्याच्या आसपास येते, मुलांच्या बाबतीत चौदाव्याच्या. सहावी-सातवीच्या वर्गाच्या छायाचित्रात मुली उंच आणि मुले बुटकी दिसतात ती यामुळेच. मुलांना उसळीआधी दोन वर्षे जास्त मिळतात आणि त्यांची उसळीही थोडी मोठी असते. म्हणून पुढे ते सरासरीने मुलींपेक्षा सुमारे तेरा सेंटिमीटरने उंच होतात.

पण सरासरी म्हणजे तुमचे-आमचे मूल नव्हे. जेम्स टॅनर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४८ पासून लंडनजवळच्या हार्पेंडन गावी मुलांची वर्षानुवर्षे मापे घेतली आणि वयात येण्याच्या पाच पायऱ्या ठरवून दिल्या. डॉक्टर आजही त्याच वापरतात. वयात येण्याची सुरुवात मुलीत आठव्या ते तेराव्या वर्षाच्या दरम्यान केव्हाही आणि मुलात नवव्या ते चौदाव्या वर्षाच्या दरम्यान केव्हाही झाली, तरी ती निरोगीच समजली जाते. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांत चार-पाच वर्षांचे अंतर पडू शकते, आणि तरीही दोघेही ठणठणीत असू शकतात! शिवाय मुलीत उंचीची उसळी आरंभीच येते, मुलात ती बरीच उशिरा येते. माझ्या घरातल्या दोघांचे कोडे मला इथे सुटले.

वाढीच्या या चालीला टॅनर 'टेम्पो' म्हणत. आपल्याकडे त्याला 'लय' हा नेमका शब्द आहे. एक गवई द्रुत लयीत गातो, दुसरा विलंबित. पण समेवर दोघेही येतात. उशिरा वाढणारी कित्येक मुले पुढे दोन-तीन वर्षांत बरोबरीच्यांना गाठतात. आमच्या अकरावीच्या वर्गात मी हे दरवर्षी पाहते. जूनमध्ये पहिल्या बाकावर बसणारा एखादा मुलगा बारावीच्या अखेरीस आपणहून मागच्या बाकावर गेलेला असतो, कारण त्याच्यामागे बसणाऱ्यांना आता फळा दिसत नाही.

अवघडलेली वर्षे

उसळीच्या काळात अंगाचे सारे भाग एकदम वाढत नाहीत. आधी पाऊल आणि पंजा, मग तंगड्या, धड सर्वांत शेवटी. म्हणून चपला सहा महिन्यांत लहान होतात, हात लागून कपबशी फुटते आणि "नीट बघून चाल की!" हे वाक्य घरात दिवसातून दहादा ऐकू येते. तो वेंधळेपणा नसतो. कालच्या हातापायांचा अंदाज आजच्या हातापायांना लागू पडत नाही, एवढेच. मुलांचा आवाज फुटतो, तोंडावर मुरुमे उठतात. काही मुलांच्या छातीवर एका किंवा दोन्ही बाजूंना थोडी गाठ किंवा सूज येते. ती बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. पण हे कोणी न सांगितल्यामुळे मुलगा पोहायला जायचे सोडतो आणि कारणही सांगत नाही.

मुलींच्या बाबतीत एक समजूत घरोघर ऐकू येते, की पाळी सुरू झाली म्हणजे उंची थांबली. उंचीचा वेग तेव्हा ओसरू लागतो हे खरे. पण त्यानंतरही साधारण पाच-सात सेंटिमीटर उंची वाढते. पाळीच्या दिवसांत खेळू नये, दोरीवरच्या उड्या मारू नयेत, याला आधार नाही. दुखत असेल तर विसावा घ्यावा. बरे वाटत असेल तर खुशाल धावावे. मुलगी मोठी दिसू लागली की तिचे मैदान बंद करण्याची रीत आपल्या सुशिक्षित घरांतूनही पुरती गेलेली नाही, आणि नेमक्या याच वर्षांत तिला मैदानाची सर्वांत जास्त गरज असते. प्रौढपणी आपल्या हाडांत जी खनिजे असतात, त्यांतला सुमारे पाव हिस्सा उसळीच्या आसपासच्या अवघ्या दोन वर्षांत साठतो. ही आयुष्याची ठेव आहे. ती भरायला दूध-डाळ-नाचणी लागते, तसेच धावणे आणि उड्या मारणेही लागते.

मोजावे, पण कसे?

मोजूच नये असे मी म्हणत नाही. मोजावे जरूर, मात्र मुलाला दुसऱ्या मुलाशी लावून नव्हे, त्याच्याच मागच्या मापाशी लावून. सहा महिन्यांतून एकदा, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून मोजावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी उंची-वजनाचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. डॉक्टरांकडे ते मिळतात. मूल तक्त्यातल्या वरच्या रेषेवर आहे की खालच्या, याला फार महत्त्व नाही. ते आपल्या रेषेला धरून चालले आहे ना, हे पाहायचे.

अंदाजासाठी एक सोपे गणितही आहे. आईची आणि वडिलांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा. मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा. आलेल्या संख्येला दोनाने भागा. वडील १६८ आणि आई १५४ असेल, तर मुलाचा आकडा येतो १६७.५. यात सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे धरायचे. बाप साडेपाच फुटी असताना मुलगा सहा फुटी व्हावा म्हणून टॉनिकच्या बाटल्या रित्या करणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे, हेही माहीत असावे. मुलीत आठच्या आधी किंवा मुलात नऊच्या आधी बदल दिसू लागले तर. मुलीत तेरापर्यंत आणि मुलात चौदापर्यंत काहीच बदल दिसला नाही तर. पंधरापर्यंत पाळी आली नाही तर. वयात येण्याआधीच्या वर्षांत उंची वर्षाला चार सेंटिमीटरहूनही कमी वाढत असेल तर. किंवा मूल आपली रेषा सोडून खाली घसरू लागले तर. गरज वाटल्यास डॉक्टर डाव्या हाताचे क्ष-किरण चित्र घेतात आणि त्यावरून 'हाडांचे वय' काढतात. उशिरा वाढणाऱ्या मुलाचे हाडांचे वय जन्मतारखेच्या मागे असते, याचाच अर्थ त्याची वाढ अजून शिल्लक आहे. पुष्कळदा ते चित्र पाहूनच आईबापांचा जीव भांड्यात पडतो.

लोंबकळून उंची वाढते का?

आता व्यायामाकडे वळू. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक मऊ पट्टी असते. हाड तिथेच वाढते. वाढ पुरी झाली की ती पट्टी हाडात मिटून जाते. दांडीला लोंबकळल्याने खांदे आणि पकड मजबूत होतात, पाठ मोकळी होते. पण त्या पट्टीवर त्याचा काही परिणाम होत नाही. भाच्याला मी एवढेच सांगितले, की लोंबकळ, पण बाहू बळकट व्हावेत म्हणून. उंचीचे काम अंगावर सोड.

याच्या उलट दुसरी भीती म्हणजे वजने उचलली की उंची खुंटते. जाणत्याच्या देखरेखीखाली, हलक्या वजनाने, रीत सांभाळून केलेल्या व्यायामाने वाढ खुंटत नाही, असे आज या विषयातले तज्ज्ञ सांगतात. धोका आहे तो ईर्ष्येत. एका दमात जास्तीत जास्त किती वजन उचलतो ही पैज वाढ पुरी होईपर्यंत लावू नये. आधी स्वतःच्याच अंगाचे वजन पेलावे : उठाबशा, जोर, दोरी चढणे. नंतर दहा-पंधरा वेळा सहज आणि नीट उचलता येईल एवढेच वजन, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. व्यायामशाळेत कोणी गोळ्या किंवा इंजेक्शने देऊ केली तर मात्र मुलाचा हात धरून बाहेर पडावे. स्नायू फुगवणाऱ्या स्टेरॉइडांनी वाढीची ती पट्टी वेळेआधीच मिटते आणि असलेली उंचीही हातची जाते. पावडरींबद्दल सांगायचे, तर डाळ, दूध, दही, अंडी, शेंगदाणे खाणाऱ्या निरोगी मुलाला त्यांची गरज नसते.

वाढीच्या वर्षांतल्या दुखापतींची तऱ्हाही वेगळी असते. हाडे भराभर लांबतात, त्यांत खनिज भरायला थोडा वेळ लागतो. म्हणून या वयात पडल्यावर मनगट मोडण्याचे प्रमाण वाढते. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांच्या गुडघ्याखाली पुढच्या बाजूला दुखरे टेंगूळ येते. ऑसगुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचीच नावे मिळाली. मांडीचा स्नायू तिथल्या कोवळ्या हाडाला ओढत असतो. खेळ काही दिवस कमी केला की दुखणे कमी होते आणि वाढ पुरी झाली की बहुधा जाते. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या कमरेच्या मणक्याला ताणाने तडा जाऊ शकतो. म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांच्या वयोगटाप्रमाणे षटकांवर मर्यादा घातल्या. आपल्याकडे मात्र नेटमध्ये अंधार पडेपर्यंत चेंडू टाकणाऱ्या मुलाचे कौतुक होते! "दुखले तरी खेळ, त्यानेच अंग बनते," हे सांगणारा मोठा माणूस कोणीही असो, त्याचे ऐकू नये. लंगडणे, सांधा सुजणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, खेळताना छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे, यांतले काहीही झाले तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

किती आणि कोणता व्यायाम?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले ते असे : ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असे हिंडावे-फिरावे, खेळावे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. हे ऐकून नव्या साधनांची यादी करण्याचे कारण नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत नेलेला सूर्यनमस्कार चटईभर जागेत होतो. त्यात फक्त आकड्याची चढाओढ नको. पाच-सहांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे. खो-खो, लंगडी, आट्यापाट्या यांत धावणे आणि उड्या आपसूक होतात. मल्लखांबाने पकड, पोट आणि तोल सुधारतो; तो मात्र शिकवणाऱ्याच्या नजरेखाली आणि खाली गादी घालूनच करावा. एकाच खेळाला वर्षभर जुंपण्यापेक्षा खेळ बदलते ठेवावेत, म्हणजे एकाच सांध्यावर भार पडत नाही. शिस्तीच्या सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी असावी, हा ठोकताळा लक्षात ठेवायला सोपा आहे.

टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. ती जरूर सांगावी. पण पूर्ण सांगावी. तेव्हा ते सतराच्या घरात होते, आणि तालीम, पोहणे, खाणे आणि झोप यांवर त्यांनी सबंध एक वर्ष खर्चले. पंधरा दिवसांत दंड फुगवून देणारी युक्ती त्यांच्यापाशीही नव्हती.

झोपेचे नाव आलेच आहे. वाढीचा अंतःस्राव मुख्यतः गाढ झोपेत वाहतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला शिकवणी असे वेळापत्रक लावून सकाळी शतावरीचे कल्प पाजण्यात काय अर्थ? मुलींच्या बाबतीत रक्ताकडेही लक्ष हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. धावताना लवकर धाप लागणारी मुलगी आळशीच असते असे नाही. आणि बारीक होण्याच्या नादात जेवण तोडून व्यायाम करणाऱ्या मुलीची पाळी लांबू लागली, तर ती धोक्याची घंटा समजावी.

संघ निवडणाऱ्यांना एक विनंती

शेवटी शाळांतल्या आणि क्लबांतल्या शिक्षकांना दोन शब्द. चौदा वर्षांखालील संघ निवडताना लवकर वाढलेली मुले साहजिकच डोळ्यांत भरतात. त्यांचा चेंडू वेगात येतो, त्यांची ढांग लांब पडते. चणीने लहान मुलगा बाहेर बसतो, एक-दोन वर्षे वाट पाहतो आणि मग खेळच सोडतो. ज्या वर्षी त्याला उसळी येणार असते, त्या वर्षी तो मैदानावर नसतो. खेळाचेही यात नुकसान आहे; कारण अंगबळ नसताना टिकून राहण्यासाठी या मुलांनी कसब आणि चपळाई कमावलेली असते. उलट केवळ अंगबळावर जिंकणारा मुलगा इतरांनी त्याला गाठले की गोंधळतो. म्हणून निवडताना मुलाची उंची पाहावी तशी त्याची लयही पाहावी, आणि सरावाला तरी सर्वांना ठेवून घ्यावे.

आईबापांचे काम याहून सोपे आहे. या सुटीत पाहुणे जमले की मुलांना पाठीला पाठ लावून उभे करू नका. सगळ्यांना मिळून खो-खो खेळायला पाठवा. तिथे लांब तंगड्यांची मुलगी धाव घेईल, आणि चणीने लहान असलेला मुलगा खांबाला वळसा घालून तिच्या हातून निसटेल. घामाघूम होऊन परत आली की त्यांना पोटभर जेवू घाला, आणि त्या रात्री तरी लवकर झोपू द्या.